सायगॉनला सकाळी उतरताय? पहिले सहा तास घरीच ठरवून निघा

आधी तुमची परिस्थिती थोडक्यात मांडते. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून थेट विमान, व्हिएतनामच्या हो ची मिन्ह सिटीत (म्हणजेच जुनं सायगॉन) सकाळी ७ च्या सुमारास उतरणार. सोबत बायको, ९ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या आई. आई पूर्ण शाकाहारी, गुडघे दुखरे. हॉटेल बेन थान मार्केटजवळ. ऑफिसातल्या कुणीतरी घाबरवून ठेवलंय की विमानतळाच्या दारातच लुटतात, रस्ता ओलांडणं जिवावरचं काम आहे आणि शाकाहारी माणसाची तिथे उपासमार होते. म्हणून तुम्ही विचारताय : टॅक्सी कुठली करावी, आणि हे सगळं आईंना झेपेल का?

गेली १४ वर्षं मी मराठी मंडळींचे ग्रुप घेऊन आग्नेय आशियात जाते. या शहरात किती वेळा उतरले ते मोजणं केव्हाच सोडलं. त्या अनुभवावरून सांगते, आईंना झेपेल. माझ्या ग्रुपमध्ये नऊवारीतल्या आजी येऊन गेल्या आहेत, आणि त्यांच्यापेक्षा पस्तिशीतल्या जावयांनीच जास्त कुरकुर केली. टॅक्सीचं म्हणाल तर तुमच्या सगळ्या अडचणींत ती सगळ्यात सोपी.

खरी अडचण वेळेची आहे. व्हिएतनामचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. तिथे सात वाजलेत तेव्हा तुमच्या अंगात साडेपाचच वाजलेले असतात, आणि विमानात झोप म्हणजे मान वाकडी करून काढलेले दोन तास. अशा अवस्थेत इमिग्रेशनची रांग, मग पैसे बदलणं, सिमकार्ड, गाडी, आणि हॉटेलवर पोहोचल्यावर ‘खोली दुपारी दोनला मिळेल’. आई उभ्या, मुलगी रडवेली, आणि प्रत्येक ठिकाणी भाव ठरवणारे एकटे तुम्ही. ग्रुपमधून किंवा नातेवाइकांकडून ऐकलेली फसवणुकीची बहुतेक प्रकरणं याच दोन-तीन तासांतली आहेत. समोरचा फार हुशार असतो अशातला भाग नाही. आपणच तेव्हा ‘जाऊ दे, देऊन टाक’ म्हणायच्या बेतात असतो. म्हणून माझं एकच म्हणणं आहे : ते निर्णय विमानतळावर घ्यायचेच नाहीत, घरी डायनिंग टेबलवर बसून घेऊन टाकायचे.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात हे कबूल करते. तुम्ही एकटे असता, पंचविशीतले असता, तर ‘पाठीवर सॅक टाका आणि सिटी बस पकडा’ असं सांगितलं असतं. संध्याकाळी उतरत असता तर खोलीचा प्रश्नच आला नसता. खाली लिहिलेलं सकाळच्या विमानासाठी आणि सोबत एक म्हातारं, एक लहान माणूस असण्यासाठी आहे.

व्हिसापासून सुरुवात करू, कारण तिथे चूक झाली तर सायगॉनपर्यंत पोहोचणारच नाही, मुंबईच्या काउंटरवरच थांबवतील. भारतीयांना ई-व्हिसा लागतो. एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. मुलीचा स्वतंत्र काढावा लागेल. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी खासगी संकेतस्थळं भरपूर आहेत आणि ती दुप्पट-तिप्पट घेतात, तेव्हा पत्ता नीट बघा. कागदोपत्री तीन कामाचे दिवस लागतात; मी तीन आठवडे आधी अर्ज करते, कारण त्यांच्या सुट्ट्या आपल्या कॅलेंडरवर नसतात.

आता खास आपल्या लोकांची चूक. आपल्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि फॉर्म भरताना घाईत ते गळतं. किंवा आईंच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो आणि सगळं नाव एका ओळीत असतं. पासपोर्टच्या खाली त्या दोन ओळी असतात ना, बाणांच्या चिन्हांच्या, त्यात जे आणि जसं आहे तेच टाका. जन्मतारखेत दिवस-महिना उलटा पडला नाही ना, तेही दोघांनी मिळून बघा. एका काकूंचा व्हिसा ‘०४/०७’ चा ‘०७/०४’ झाला म्हणून आम्ही निघायच्या चार दिवस आधी नव्याने काढला. पैसे परत मिळत नाहीत. आणि मंजूर झालेला व्हिसा कागदावर छापून घ्या, प्रत्येकाच्या दोन प्रती.

आईंसाठी विमान कंपनीकडे व्हीलचेअर आधी मागून ठेवा. गुडघे खरोखरच दुखतात, तर संकोच कसला? तान सोन न्हात विमानतळावर इमिग्रेशनची रांग कधी वीस मिनिटांत सरकते, कधी तास-सव्वा तास खाते.

दुसरा निर्णय खोलीचा. हा पैशांचा प्रश्न आहे आणि माझं मत ठाम आहे : आदल्या रात्रीपासून खोली घ्या. एक रात्र ‘वाया’ जाते असं वाटतं, पण सकाळी साडेनऊला आईंना पाठ टेकायला मिळते आणि मुलगी आंघोळ करून दुपारपर्यंत झोपते. हॉटेलला कळवा की आम्ही सकाळी पोहोचणार आहोत, नाहीतर आदल्या रात्री आला नाहीत म्हणून बुकिंग रद्द करतील. बजेट तेवढं नसेल तर निदान लवकर खोली देण्याचं किती घेणार ते लेखी विचारून ठेवा. आणखी एक : तिकडची बरीच हॉटेलं अरुंद आणि उंच इमारतींत असतात, आणि स्वस्त खोल्यांना कधी कधी खिडकीच नसते. बुकिंगच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं. एकदा मी न वाचता तशी खोली घेतली; सकाळ झाली की नाही हे कळायला लिफ्टने खाली जावं लागायचं.

हॉटेलवाले पासपोर्ट मागतील. पाहुण्यांची नोंद त्यांना पोलिसांकडे करावी लागते, त्यामुळे घाबरू नका. त्यांच्यासमोर फोटो किंवा झेरॉक्स काढू द्या आणि मूळ पासपोर्ट परत घ्या.

आता पैसे. इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. १ रुपयाला साधारण ३०० डोंग. म्हणजे १ लाख डोंगचे सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये. पहिल्या दिवशी आकडे ऐकून छाती दडपते, जेवणाचं बिल चार लाख! मी ग्रुपला सोपा हिशेब देते : शेवटची तीन शून्यं झाका, राहील त्याची तिप्पट करा आणि वर थोडं धरा. ८०,००० डोंग म्हणजे ८०, तिप्पट २४०, म्हणजे अडीचशेच्या वर रुपये. तिथले लोक स्वतःही ती शून्यं झाकूनच बोलतात. पाटीवर ‘८०के’ लिहिलेलं असतं, टॅक्सीच्या मीटरवर १५२ दिसलं तर ते १,५२,००० असतं. शिवाय हजारांसाठी ते स्वल्पविराम न देता टिंब देतात, त्यामुळे ५०.००० हे आपल्या डोळ्यांना नुसतं पन्नास वाटतं.

नोटांवर सगळीकडे हो ची मिन्ह यांचाच चेहरा, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळत नाही. घात करते ती निळ्या नोटांची जोडी. २०,००० ची नोट निळी आणि ५,००,००० ची नोटही निळसर. एक साधारण ६५ रुपयांची, दुसरी सोळाशे-साडेसोळाशेची. टॅक्सीच्या मंद दिव्यात, पाठीमागून हॉर्न वाजत असताना, वीस हजारांच्या जागी पाच लाख हातात जातात आणि ड्रायव्हर सरळमार्गी नसेल तर विषय संपला. मी नोट उलटी करून बघते. मागे छपराचा पूल असेल (होई आनचा जपानी पूल) तर ती वीस हजारांची. मागे झाडीतलं गवताने शाकारलेलं घर असेल, हो ची मिन्ह यांच्या गावचं, तर ती पाच लाखांची. पूल म्हणजे लहान, घर म्हणजे मोठी. तुमच्या मुलीला हे काम द्या, मुलं यात कधीच चुकत नाहीत. आणि पाच लाखांच्या नोटा पाकिटात ठेवूच नका, वेगळ्या चेनच्या कप्प्यात ठेवा.

रुपये तिकडे घेऊन जाऊ नका; डॉलर न्या, कोरे आणि न दुमडलेले. डॉलरवर पेनाची रेघ किंवा बारीक फाट असली तरी नाकारतात. विमानतळावर फक्त ५० डॉलरचे डोंग घ्या, बाकी शहरात बँकेत किंवा परवाना असलेल्या दुकानात. सोनाराच्या दुकानात दर चांगला मिळतो असं सगळेच सांगतात आणि ते खोटं नाही, पण परवाना असेल तरच. २०१८ मध्ये कान थो शहरात एका माणसाने परवाना नसलेल्या सोनाराकडे १०० डॉलर मोडले म्हणून त्याला ९ कोटी डोंग दंड झाला होता. बराच गाजावाजा झाल्यावर तो माफ केला, पण आपल्याला एवढा गाजावाजा कोण करून देणार? दुकानोदुकानी क्यूआर कोड दिसतील, पण ते तिथल्या बँकखात्यांसाठी आहेत. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका.

आणि आता तुमची टॅक्सी. विमानतळ ते बेन थान अंतर जेमतेम ७ किलोमीटर, वेळ २५ मिनिटं ते पाऊण तास. सकाळी आठ-नऊची वेळ म्हणजे पाऊण तासच धरा. उबर तिथून २०१८ सालीच गेलं. आता ग्रॅब चालतं. ग्रॅबचं अ‍ॅप मुंबईतच घ्या आणि नंबरची पडताळणी इथेच उरका, कारण ओटीपी तुमच्या भारतीय सिमवर येतो आणि तिकडे ते बंद असलं की सगळं अडतं. पैसे देण्याचा पर्याय ‘रोख’ ठेवा. ई-सिम किंवा सिम लँडिंगनंतर लगेच चालू झालं पाहिजे. बॅगांसह चार माणसं आहात, तर सात सीटर मागवा. भाडं मागवण्याआधीच दिसतं. साधारण दोन लाख डोंगच्या आसपास धरा, गर्दीच्या वेळी जास्त. विमानतळाचं छोटं शुल्क वर लागतं, त्यावरून भांडू नका, ते खरंच असतं.

ग्रॅब नको असेल तर विनासनच्या पांढऱ्या किंवा माय लिन्हच्या हिरव्या टॅक्सीच्या रांगेत जा आणि मीटर सुरू झालेला बघूनच दार लावा. सान्ह एसएमच्या निळसर-हिरव्या विजेच्या गाड्याही आता सगळीकडे दिसतात. या कंपन्यांच्या नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून रंगवलेल्या गाड्या असतात, त्यामुळे रांगेतल्या गणवेशातल्या माणसाकडूनच गाडी घ्या. बाहेर पडल्या पडल्या ‘टॅक्सी, सर, टॅक्सी’ म्हणत जो बॅगेला हात घालतो, त्याच्याकडे न बघता चालत राहायचं. हे आपल्याला दादर स्टेशनबाहेर येतं की! परदेशात गेलं की का कुणास ठाऊक, विनम्रपणा सुचतो.

खरं सांगायचं तर तुमच्या जागी मी यातलं काहीच करणार नाही. हॉटेललाच गाडी पाठवायला सांगेन. ग्रॅबपेक्षा तीन-चारशे रुपये जास्त पडतील, पण आईंच्या नावाची पाटी घेऊन माणूस दारात उभा असेल.

पत्त्याबद्दल एक. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनामने शहरांतले डिस्ट्रिक्ट कागदोपत्री बंद केले आणि आजूबाजूचे दोन प्रांतही या शहरात जोडले. लोकांच्या तोंडी मात्र ‘क्वान एक’, म्हणजे डिस्ट्रिक्ट वन, तसंच आहे. तुमच्या बुकिंगवर एक पत्ता आणि नकाशावर दुसरा दिसला तर गडबडू नका; घर नंबर आणि रस्ता जुळला की झालं. हॉटेलचं नाव-पत्ता व्हिएतनामी लिपीतल्या खुणांसकट एका कागदावर लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवा. चुकामूक झालीच तर कुठल्याही टॅक्सीवाल्याला तो दाखवता येतो.

तर निघताना हातात काय असावं : छापलेले व्हिसा, आदल्या रात्रीपासूनची खोली, हॉटेलच्या गाडीचा निरोप, फोनमध्ये चालू असलेलं ग्रॅब, कोरे डॉलर आणि तो पत्त्याचा कागद. एवढं असलं की विमानतळावर ठरवायचं काही उरत नाही, फक्त बॅगा ओळखायच्या.

आता रस्ता. ज्याची तुम्हाला धास्ती आहे त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे आपल्या भारतीय सवयी अर्ध्या कामाला येतात आणि अर्ध्या घात करतात.

व्हिएतनाममध्ये वाहनं उजवीकडून चालतात. आपण रस्त्यात पाऊल टाकताना नकळत आधी उजवीकडे बघतो. पन्नास वर्षांची सवय आहे, ती नुसतं सांगून जात नाही. तिथे पहिला धोका डावीकडून येतो. मी पहिल्या दिवशी ग्रुपला फुटपाथवर उभं करून मोठ्याने ‘डावीकडे’ म्हणायला लावते, लोक हसतात, पण म्हणतात. याच सवयीचा दुसरा भाग कुणी सांगत नाही : टॅक्सीतून उतरताना. आपल्याकडे फुटपाथ डावीकडे असतो, म्हणून आपण डावं दार उघडतो. तिथे डावं दार थेट स्कूटरच्या लोंढ्यात उघडतं. मुलीला उजव्या दाराशी बसवा आणि सगळ्यांनी त्याच दाराने उतरा. वेळ लागला तरी चालेल.

आता तो लोंढा. सिग्नल सुटला की पन्नास-साठ स्कूटर एकदम येतात आणि झेब्रा पट्ट्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे संपेल तेव्हा जाऊ. ते संपत नाही. पण नीट बघितलंत तर कळेल की त्यांचा वेग ताशी वीस-पंचवीसच्या आसपासच असतो, आणि प्रत्येक चालवणारा समोरच्या माणसाचा अंदाज घेत असतो : हा दोन सेकंदांनी कुठे असेल? तुम्ही एकसारखे चालत राहिलात तर त्याचा अंदाज बरोबर येतो आणि तो तुमच्या पाठीमागून किंवा पुढून निघून जातो. तुम्ही मध्येच थबकलात, पळालात किंवा एक पाऊल मागे घेतलंत की त्याचा हिशेब चुकतो. अपघात होतात ते इथे. आपली पद्धत म्हणजे हात दाखवायचा, दोन पावलं पळायचं, थांबायचं, पुन्हा पळायचं. मुंबईत ती चालते, कारण आपले ड्रायव्हर त्याच पद्धतीत वाढलेत. तिथे ती विसरा.

माझ्या ग्रुपमधल्या एका आजींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे देवळात प्रदक्षिणा घालतो तसं चालायचं.” तेव्हापासून मी दुसरं काही सांगत नाही. प्रदक्षिणेची चाल : सावकाश, न थांबता, मागे न बघता.

नियमाला अपवाद मोठा आहे : कार, बस आणि ट्रक. ते स्कूटरसारखे वळसा घेऊ शकत नाहीत आणि घेतही नाहीत. चारचाकी येत असेल तर फुटपाथवर उभे राहा, ती जाऊ दे, मग नुसत्या स्कूटर असताना उतरा. आईंच्या बाजूला कसं चालायचं तेही ठरवून ठेवा. पहिल्या अर्ध्या रस्त्यात तुम्ही त्यांच्या डावीकडे, दुभाजकापाशी पोहोचलात की उजवीकडे. मुलीला तळहाताने धरू नका, मनगटाला धरा. आणि सिग्नल असलेला चौक पन्नास पावलं लांब असेल तर तिथपर्यंत चालत जा, त्यात कमीपणा नाही. फुटपाथवरही गाफील राहू नका. संध्याकाळी ट्रॅफिक तुंबला की स्कूटर फुटपाथवर चढतात.

स्कूटरवरूनच होणारी एक चोरी मात्र खरी आहे : फोन हिसकावणं. रस्त्याच्या कडेला उभं राहून, हात लांब करून नकाशा बघणारा पर्यटक म्हणजे त्यांच्यासाठी बोहनी. नकाशा बघायचा तर दुकानाच्या आत दोन पावलं जा. पर्स, खांद्याची बॅग इमारतींच्या बाजूच्या खांद्यावर. आईंचं मंगळसूत्र किंवा चेन घरीच राहू दे. मारामारी, चाकू-सुरे असल्या भानगडी मी इतक्या वर्षांत तिथे पाहिल्या नाहीत. रात्री दहाला मी एकटी चालत हॉटेलवर येते.

जेवणाचं ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. शाकाहाराला व्हिएतनामी शब्द आहे ‘चाय’. उच्चार अगदी आपल्या हिंदीतल्या चहासारखा. ‘तोय आन चाय’ म्हणजे मी शाकाहारी खातो. (चहाला त्यांचा शब्द ‘त्रा’ आहे, त्यामुळे सकाळी ‘चाय, चाय’ केलंत तर वेटर भाताचं ताट आणेल.) दुकानावर ‘कॉम चाय’ अशी पाटी दिसली की आत जा : भात, टोफू, भाज्या, सूप, स्वस्त आणि ताजं. चांद्रमासाच्या प्रतिपदेला आणि पौर्णिमेला तिथले कितीतरी बौद्ध लोक मांसाहार करत नाहीत, त्या दिवशी या दुकानांत रांगा लागतात. मठांच्या परंपरेतल्या शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यांची तिथे मुंबईपेक्षा चांगली सोय होते असं मी गमतीने म्हणते. सगळेच दुकानदार ते पाळत नाहीत. आई कांदा-लसूण खात नसतील तर ‘खोंग हान्ह तोय’ हे शब्द कागदावर असू देत.

आईंना एका गोष्टीची आधी कल्पना द्या. या दुकानांत सोयाचे आणि पिठाचे पदार्थ हुबेहूब मासळी किंवा कोंबडीच्या आकाराचे करतात. ताटात खवल्यांसकट मासा बघून एक काकू ताडकन उठल्या होत्या, आणि तो टोफू आहे हे मी खाऊन दाखवेपर्यंत बसल्या नाहीत. साध्या, म्हणजे ‘चाय’ नसलेल्या हॉटेलात मात्र सावध राहा. तिथे भाज्यांच्या परतण्यातही ‘नुओक माम’, म्हणजे माशांपासून केलेला खारट रस, पडतो आणि त्यांच्या दृष्टीने ते मीठच असतं. ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. ‘राउ मुओंग’ नावाची हिरवी भाजी सगळीकडे मिळते, ती आपली नाळीची भाजी. पण तीही चाय दुकानातच खा. बेन थानच्या आसपास भारतीय हॉटेलं आहेत, पण पहिल्या रात्री थकून तिथे जायचं म्हणजे चढे भाव आणि लाल ग्रेव्ही. त्यापेक्षा बॅगेत मेतकूट, भाजणी, दशम्या आणि एक छोटी इलेक्ट्रिक किटली न्या. दोन वेळा तेवढ्यावर निभावलं की तिसऱ्या दिवशी आई स्वतःच ‘त्या चायवाल्याकडे जाऊ’ म्हणतील. नळाचं पाणी पिऊ नका, बाटलीचंच.

पहिल्या दिवशी काय बघायचं? जवळजवळ काही नाही. दुपारपर्यंत झोपा. चारच्या सुमारास ग्रॅबने सेंट्रल पोस्ट ऑफिसला जा. १८८६ ते १८९१ मध्ये बांधलेली फ्रेंच काळातली इमारत आहे, आत पंखे, बाकं आणि गारवा. गाइड ‘आयफेल टॉवरवाल्या आयफेलने बांधली’ म्हणून सांगेल, ऐकून घ्या आणि सोडून द्या. बाजूलाच पुस्तकांच्या दुकानांची एक छोटी गल्ली आहे, तिथे वाहनांना बंदी. आईंना शांत बसून कॉफी पिता येईल आणि मुलीला मोकळं सोडता येईल. समोरच्या नोत्र दाम चर्चची दुरुस्ती २०१७ पासून चालली आहे. वॉर रेम्नंट्स म्युझियम चांगलं आहे, पण ९ वर्षांच्या मुलीला पहिल्या दिवशी अजिबात नेऊ नका. एजंट ऑरेंजचे, म्हणजे युद्धात अमेरिकेने फवारलेल्या विषारी रसायनाच्या परिणामांचे, फोटो मोठ्यांनाही झोपू देत नाहीत.

आईंना देवळात जायचं असेल तर बेन थानहून चालत जाण्याच्या अंतरावर, त्रुओंग दिन्ह रस्त्यावर, मारिअम्मन देऊळ आहे. तमिळ व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेलं. आज तिथे दर्शनाला येणारे बहुतेक व्हिएतनामीच असतात. गाभाऱ्यामागच्या दगडी भिंतीला कपाळ आणि दोन्ही तळवे टेकून ते नवस पुटपुटत उभे राहतात. आपल्या बायका ते बघून हळूच तसंच करतात, कुणी सांगावं लागत नाही. एक विनंती : व्हिएतनामी लोक शिवाजी महाराजांच्या युद्धनीतीवर लढले, तिथे महाराजांचं स्मारक आहे, असा जो मेसेज आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, त्यावरून गाइडला छेडू नका. इतक्या वर्षांत मला तिथे असं काही दिसलेलं नाही, आणि बिचारा गाइड दर वेळी ओशाळतो.

नोव्हेंबरात पाऊस ओसरत आलेला असतो, तरी दुपारची एखादी जोरदार सर येतेच. छत्रीपेक्षा पातळ रेनकोट बरे.

आणि लुबाडतात का, या तुमच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर. थोडंफार लुबाडतात, आणि मीही लुबाडली गेले आहे, चांगली सहाव्या की सातव्या खेपेला. तिथल्या इंडिपेंडन्स पॅलेस या राजवाड्याच्या कडेला खांद्यावर कावड घेतलेला एक नारळवाला भेटला. हसून म्हणाला, कावड घेऊन बघा, फोटो काढतो. घेतली. फोटो निघाला, आणि कावड खांद्यावरून उतरेपर्यंत त्याने तीन शहाळी सोलूनही टाकली होती. दोन लाख डोंग म्हणाला. ग्रुपमधले वीस जण बघत होते, त्यामुळे मला घासाघीसही करता आली नाही. दिले. त्यानंतर पुढचे सगळे दिवस ग्रुपमधला कोणी ना कोणी रोज सकाळी मला विचारायचा, “मॅडम, आज शहाळं?”